राज्याचा महाधिवक्ता : पद, कर्तव्ये आणि आपली जाण

न्यायालयाच्या निकालपत्राचे पहिले पान उघडले की पक्षकारांच्या नावांत एक नाव वारंवार आढळते. ते म्हणजे 'महाराष्ट्र राज्य'. गोसीखुर्द धरणात शेत गेले आणि मोबदला कमी मिळाला, तर शेतकऱ्याचे भांडण या 'महाराष्ट्र राज्या'शी असते. जातपडताळणी समितीने विद्यार्थ्याचा दावा फेटाळला, तर त्याची याचिकाही याच नावाविरुद्ध असते. परंतु आपल्या एखाद्या बांधवावर अत्याचार झाला आणि खटला उभा राहिला, तर तो खटला 'महाराष्ट्र राज्या'च्याच नावाने चालतो, आणि तेव्हा राज्य आपल्या बाजूने उभे असते. एकच नाव, कधी समोर, कधी सोबत.

राज्य म्हणजे काही हाडामांसाचा माणूस नव्हे. त्याला न्यायालयात स्वतः जाऊन बोलता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. असे बोलणाऱ्यांची एक मोठी फळी असते आणि त्या फळीच्या सर्वांत वर घटनेने एक पद निर्माण केले आहे. ते पद म्हणजे राज्याचा महाधिवक्ता, अर्थात अॅडव्होकेट जनरल. घटनेच्या मराठी प्रतीत याला 'महाअधिवक्ता' असे म्हटले आहे. वर्तमानपत्रांत 'महाधिवक्ता' हा शब्द रूढ आहे, तोच आम्ही येथे वापरीत आहोत.

या पदाविषयी आपल्या समाजात फारशी माहिती नाही. जिल्हाधिकारी कोण, पोलीस अधीक्षक कोण, हे आपले कार्यकर्ते बोटावर सांगतात. पण महाधिवक्ता म्हटले की 'मोठा सरकारी वकील' एवढ्यावर गाडी थांबते. त्यामुळे भलत्याच ठिकाणी अर्ज जातात, जेथे जायला हवे तेथे जात नाहीत आणि मुदती निघून जातात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्या घटनेतील हे पद आहे. बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. त्यांना मत देण्यात जिल्हा कमी पडला असेल. निदान त्यांची घटना समजून घेण्यात तरी आपण कमी पडू नये, या भावनेने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

घटनेतील स्थान

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद १६५ हा या पदाचा पाया आहे. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली, नेमणूक. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास जी व्यक्ती पात्र असेल तिची राज्यपाल महाधिवक्ता म्हणून नेमणूक करतात. न्यायाधीशपदाची पात्रता अनुच्छेद २१७ मध्ये आहे. ती व्यक्ती भारताची नागरिक असावी आणि तिने दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेले असावे किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी. प्रत्यक्षात अनुभवी वकिलांतूनच ही निवड होते. राज्यपाल येथे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरी, कर्तव्ये. राज्यपालांकडून ज्या कायदेविषयक बाबी सोपविल्या जातील त्यांवर राज्य शासनाला सल्ला देणे, कायदेविषयक इतर कामे करणे आणि घटनेने किंवा अन्य कायद्याने दिलेली कार्ये पार पाडणे.

तिसरी, मुदत. या पदाला पाच वर्षे किंवा दहा वर्षे अशी ठरलेली मुदत नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत महाधिवक्ता पदावर राहतो.

चौथी, मेहनताना. तो राज्यपाल ठरवतील तो.

याशिवाय अनुच्छेद १७७ ने महाधिवक्त्याला एक वेगळाच अधिकार दिला आहे. तो आमदार नसतो, तरीही विधानसभेत आणि विधान परिषदेत त्याला बोलता येते, कामकाजात भाग घेता येतो. ज्या समितीवर त्याचे नाव असेल त्या समितीतही बसता येते. मात्र मत देता येत नाही. सभागृहात बोलण्याचा हक्क असल्यामुळे अनुच्छेद १९४ खालील विशेषाधिकारांचे संरक्षणही त्याला मिळते. एखाद्या विधेयकाची घटनात्मकता सभागृहाला समजून घ्यायची असेल तर कायद्याच्या जाणकाराचे बोल थेट कानावर पडावेत, पण जनतेने निवडून न दिलेल्या माणसाच्या मताने कायदा होऊ नये, असा हा तोल आहे.

केंद्रात याच धर्तीचे पद आहे. त्यास भारताचा महान्यायवादी, अर्थात अॅटर्नी जनरल म्हणतात. ते अनुच्छेद ७६ मध्ये आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा या दोन पदांत नेहमी गोंधळ होतो, म्हणून फरक लक्षात ठेवावा. महान्यायवादी राष्ट्रपती नेमतात आणि त्याची पात्रता सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची असते. महाधिवक्ता राज्यपाल नेमतात आणि त्याची पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची असते. महाधिवक्ता महान्यायवादीच्या हाताखाली काम करीत नाही. दोघांचे अशील वेगळे आहेत.

'अतिरिक्त महाधिवक्ता' असेही एक नाव कानावर येते. घटनेत हे पद नाही. कामाचा बोजा वाढल्याने शासन आपल्या कार्यकारी अधिकारात अशा नेमणुका करते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आंध्र प्रदेशाच्या एका प्रकरणात अशा नेमणुका चालतील असे मानले. मात्र घटनात्मक पद हे एकच आणि एकाच व्यक्तीचे राहते.

आपला जिल्हा आणि तीन राज्यांचे महाधिवक्ते

हे पद १९५० साली अचानक उगवले नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबईत अॅडव्होकेट जनरल होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक प्रांताला महाधिवक्ता दिला.

त्या काळी भंडारा जिल्हा मुंबईत नव्हता. तो मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि १९३६ साली नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले होते. या प्रांताचे महाधिवक्ता म्हणून १९४३ ते १९४६ या काळात मोहम्मद हिदायतुल्ला यांनी काम केले. त्याआधी ते तेथेच सरकारी वकील होते. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, १९६८ साली भारताचे सरन्यायाधीश झाले, १९६९ मध्ये हंगामी राष्ट्रपती आणि १९७९ मध्ये उपराष्ट्रपती झाले. नागपूरच्या न्यायालयात सरकारची बाजू मांडता मांडता एक वकील कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

१९५० नंतर आपला जिल्हा मध्य प्रदेश राज्यात आला. राजधानी नागपूरच होती. त्या वेळी नागपूर उच्च न्यायालयात एक महत्त्वाचा वाद झाला. 'करकरे विरुद्ध शेवडे' या नावाने १९५२ चा तो निकाल प्रसिद्ध आहे. टी. एल. शेवडे यांची मध्य प्रदेशाचे महाधिवक्ता म्हणून नेमणूक झाली होती आणि त्यांनी वयाची साठी ओलांडलेली होती. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश त्या काळी साठाव्या वर्षी निवृत्त होई. तेव्हा एका नागरिकाने विचारले की, जो माणूस वयामुळे न्यायाधीश होऊ शकत नाही तो न्यायाधीश होण्यास 'पात्र' कसा, आणि पात्र नसेल तर महाधिवक्ता कसा?

न्यायालयाने उत्तर दिले की वयाची मर्यादा ही न्यायाधीशाने पदावर किती काळ राहावे यासंबंधी आहे. पदासाठी लागणाऱ्या पात्रतेचा तो भाग नाही. त्यामुळे महाधिवक्त्याला वयाची ती अट लागू होत नाही. हा निकाल आजही या विषयावर आधार म्हणून सांगितला जातो. आम्हाला यातील आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. शेवडे यांच्या नेमणुकीने अर्जदाराचे वैयक्तिक नुकसान काहीच झाले नव्हते. तरीही 'आपण कोणत्या अधिकाराने हे पद धारण करता?' असा प्रश्न विचारण्याचा सामान्य नागरिकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. घटना अमलात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, म्हणजे ऐतिहासिक धम्मदीक्षेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय गेले, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. भंडाऱ्याची आणि १९९९ साली वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याची प्रकरणे आजही नागपूर खंडपीठापुढे जातात. महाधिवक्त्याचे मुख्य कार्यालय मात्र मुंबईला आहे.

प्रत्यक्ष कामे कोणती?

घटनेतील शब्द थोडके आहेत. इतर कायदे पाहिले म्हणजे कामाचा व्याप कळतो.

१) शासनाला सल्ला. एखादा कायदा करावयाचा आहे, आरक्षणाचा निर्णय घ्यावयाचा आहे, उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील करावे की करू नये असा प्रश्न आहे; अशा वेळी विधी व न्याय विभाग महाधिवक्त्याचे मत घेतो. हे मत बंधनकारक नसते. मंत्रिमंडळ ते डावलू शकते. परंतु डावलून केलेली गोष्ट न्यायालयात टिकली नाही तर जबाबदारी मंत्रिमंडळाची राहते.

२) न्यायालयात राज्याची बाजू मांडणे. दररोजच्या हजारो प्रकरणांत महाधिवक्ता उभा राहत नाही. कायद्याची घटनात्मकता, राज्यांमधील वाद, मोठ्या लोकहिताच्या याचिका अशा महत्त्वाच्या प्रकरणांत तो उभा राहतो. वकिलांच्या १९६१ च्या कायद्याने न्यायालयात आधी बोलण्याचा जो क्रम ठरविला आहे, त्यात केंद्राच्या विधी अधिकाऱ्यांनंतर राज्यांच्या महाधिवक्त्यांचा क्रम लागतो.

३) घटनेच्या अर्थासंबंधी सूचना. दिवाणी दाव्यात घटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न निघाला आणि तो राज्य शासनाशी संबंधित असला, तर महाधिवक्त्याला सूचना दिल्याशिवाय न्यायालयाला तो प्रश्न निकाली काढता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २७-अ मध्ये ही तरतूद आहे. दोन भावांच्या वादातूनसुद्धा राज्याच्या कायद्याचे भवितव्य ठरू शकते; म्हणून राज्याचे म्हणणे ऐकावयाचेच.

४) न्यायालयाचा अवमान. १९७१ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे फौजदारी स्वरूपाच्या अवमानाची दखल उच्च न्यायालय स्वतःहून घेऊ शकते किंवा महाधिवक्ता ती बाब पुढे आणू शकतो. अन्य कोणाला ती आणावयाची असेल तर महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. द्वेषापोटी कोणीही कोणालाही न्यायालयात खेचू नये, यासाठी ही चाळणी आहे.

५) सार्वजनिक उपद्रव. समजा, गावच्या मालगुजारी तलावात कोणी कारखान्याचे घाण पाणी सोडले. नुकसान साऱ्या गावाचे आहे, एकट्याचे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ प्रमाणे अशा कृत्याविरुद्ध महाधिवक्ता दावा लावू शकतो. आणि न्यायालयाच्या परवानगीने कोणीही दोन किंवा अधिक व्यक्तीही तो लावू शकतात. त्यांचे खास नुकसान झालेले असण्याची गरज नाही. ही तरतूद आपल्या कार्यकर्त्यांनी लिहून ठेवावी. मुंबईच्या पदाधिकाऱ्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गावातील दोन जागरूक माणसे पुरेशी आहेत.

६) धर्मादाय संस्था. त्याच संहितेच्या कलम ९२ ने सार्वजनिक न्यासांच्या गैरकारभाराविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार महाधिवक्त्याला दिला आहे. परंतु महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हे काम धर्मादाय आयुक्तांकडे सोपविले. म्हणून विहाराच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांविरुद्ध तक्रार असेल तर ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाते, महाधिवक्त्याकडे नाही.

७) वकील परिषद. महाधिवक्ता हा राज्याच्या वकील परिषदेचा पदसिद्ध सदस्य असतो.

महाधिवक्ता आणि सरकारी वकील

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक गैरसमज होतो त्या मुद्द्याकडे वळतो. सरकारच्या वतीने बोलणारा प्रत्येक वकील महाधिवक्ता नसतो आणि महाधिवक्ता प्रत्येक खटला चालवीत नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात शासनाविरुद्धच्या दिवाणी दाव्यांत जिल्हा सरकारी वकील उभे असतात. सत्र न्यायालयातील फौजदारी खटले सरकारी अभियोक्ता चालवितात. नागपूर खंडपीठात मुख्य सरकारी वकील आणि त्यांचे साहाय्यक असतात. त्यांच्या नेमणुका व सेवाशर्ती १९८४ च्या विधी अधिकाऱ्यांसंबंधीच्या नियमांनी ठरतात. या साऱ्यांवर शासनाच्या विधी व न्याय विभागाची देखरेख असते. महाधिवक्ता या उतरंडीच्या शिखरावर असला तरी त्याचे पद घटनेने दिलेले आहे. इतरांची पदे कायद्याने व नियमांनी दिलेली आहेत.

आपल्या जिल्ह्याच्या काळजावर कायमची जखम ठेवून गेलेली घटना घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एकाच बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. खटला विशेष सरकारी वकिलांनी चालविला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे या प्रकरणात सिद्ध झाली असे दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. समाजात त्याचे तीव्र दुःख उमटले.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, कोणते कलम लागू होते याची लढाई मुंबईच्या कार्यालयात होत नाही. ती फिर्यादीच्या पहिल्या कागदापासून सुरू होते, तपासात वाढते आणि सरकारी अभियोक्त्याच्या पुराव्यात व युक्तिवादात पुरी होते. म्हणून त्या टप्प्यांवर आपले हक्क काय आहेत ते माहीत असले पाहिजे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ खाली विशेष सरकारी अभियोक्ता नेमला जातो. १९९५ च्या नियमांतील नियम ४ प्रमाणे, पीडितांनी इच्छा व्यक्त केल्यास जिल्हादंडाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकिलाची नेमणूक करू शकतात. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. त्यानुसार आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीसह न्यायालयीन कामकाजाची सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितांना व त्यांच्या आश्रितांना आहे. हे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आणि विशेष न्यायालयात करावयाचे असतात.

दिवाणी बाबतीतही तसेच. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. फारच निकड असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवायही दावा लावता येतो. ही नोटीस महाधिवक्त्याला पाठवून भागत नाही.

आणि वकिलाची फी परवडत नसेल तर? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच असते. महाधिवक्ता हा राज्याचा वकील आहे. तो नागरिकाला खाजगी सल्ला देत नाही. तुमचा वकील तुम्हाला तेथे मिळेल.

महाधिवक्ता नक्की कोणाचा वकील?

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. सरकार नेमते, सरकार मानधन देते, म्हणून तो सरकारचा वकील. परंतु एवढेच असते तर घटनेत त्याला स्वतंत्र अनुच्छेद देण्याची काय गरज होती? कोणतेही सरकार चार वकील सहज नेमू शकते.

येथे घटनेच्या जडणघडणीतील एक बाब उद्बोधक आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला की महाधिवक्त्यानेही पदावरून दूर व्हावे, अशी तरतूद होती. अंतिम घटनेत ती राहिली नाही. तिच्या जागी राज्यपालांच्या मर्जीची तरतूद आली. व्यवहारात सरकार बदलले की महाधिवक्ते बहुधा राजीनामा देतात, ही वेगळी गोष्ट. पण घटनेने हे पद मंत्रिमंडळाच्या आयुष्याशी बांधलेले नाही. मंत्रिमंडळे येतात आणि जातात, राज्य राहते. महाधिवक्ता त्या राहणाऱ्या राज्याचा वकील आहे, आणि त्या राज्यात आपण सारे येतो.

म्हणून त्याचे पहिले कर्तव्य कायद्याचे खरे मत सांगणे हे आहे, मग ते सत्ताधाऱ्यांना आवडो वा न आवडो. मुंबई प्रांताचे महाधिवक्ता मोतीलाल सेटलवाड यांनी १९४२ च्या दडपशाहीच्या वेळी पदाचा राजीनामा दिला. १९५० मध्ये तेच स्वतंत्र भारताचे पहिले महान्यायवादी झाले. होरमसजी सिरवाई हे १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे मुंबई व नंतर महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. त्या काळात मुख्यमंत्री अनेक झाले, पण महाधिवक्ता एकच राहिला. भारतीय घटनेवरील त्यांचा ग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर असतो. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात त्यांनी केरळ राज्याच्या वतीने, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, अशी बाजू मांडली. आणीबाणीच्या अनुभवानंतर मात्र त्यांनी आपल्या ग्रंथात मूलभूत चौकटीच्या तत्त्वाचा स्वीकार केला. अशिलाची बाजू निष्ठेने मांडणे आणि अनुभवाने आपले मत तपासून पाहणे, या दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात.

राज्याच्या वकिलाच्या तोंडचा शब्द किती जड असतो, हे आणीबाणीतच दिसले. अटकेतील लोकांना न्यायालयात दाद मागता येईल, असे देशातील अनेक उच्च न्यायालयांनी मानले होते. त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले की, पोलीस अधिकाऱ्याने कोणाचा बेकायदा जीव घेतला तर काय? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही न्यायालयीन उपाय नाही, असे उत्तर महान्यायवादींनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकारचे म्हणणे मान्य झाले. ते मत चुकीचे होते असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. एका युक्तिवादाची चूक दुरुस्त व्हायला एकेचाळीस वर्षे लागली.

अगदी आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण २०१८ चे आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या आणि 'महाराष्ट्र राज्य' हा पक्षकार असलेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार कमी करणारे निर्देश दिले गेले. देशभर समाज रस्त्यावर उतरला. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घातले आणि केंद्राच्या पुनर्विलोकन याचिकेवर १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. एका प्रकरणाच्या सुनावणीतून साऱ्या देशातील पीडितांच्या संरक्षणाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून राज्याच्या वतीने न्यायालयात कोण उभा आहे आणि तो काय बोलतो, याकडे संघटनांनी वेळीच लक्ष दिले पाहिजे. निकाल लागल्यावर नव्हे.

पदाची दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्येष्ठ वकील श्रीहरी अणे हे ऑक्टोबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. वेगळ्या विदर्भाचा त्यांचा विचार आधीपासून सर्वांना माहीत होता. मार्च २०१६ मध्ये मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याविषयी त्यांनी केलेल्या वक्तव्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. वेगळ्या विदर्भाविषयी आपल्या वाचकांची मते भिन्न असतील. तो वाद येथे नाही. प्रश्न असा की, राज्याच्या वकिलाला राज्याच्या सीमांविषयी स्वतःचे मत जाहीरपणे मांडता येते काय? घटनेत तशी स्पष्ट मनाई नाही. परंतु मर्जीवर असलेले पद सभागृहाच्या विश्वासाशिवाय टिकत नाही, एवढे या प्रसंगाने दाखवून दिले.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

हे सारे वाचून एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात येईल की ही मोठ्या घरच्यांची कामे. लाखनी-साकोलीच्या मुलामुलींना त्याचे काय? आमचे सांगणे असे की मार्ग लांब आहे, पण बंद नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, वकील परिषदेची सनद, अखिल भारतीय वकील परीक्षा आणि मग वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहणे. पात्रतेसाठी दहा वर्षे ही किमान मर्यादा झाली.

अमरावतीचे भूषण गवई यांनी नागपूर खंडपीठात साहाय्यक सरकारी वकील म्हणून आणि २००० सालापासून मुख्य सरकारी वकील म्हणून काम केले. २००३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले बौद्ध. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले. ज्या नागपूरच्या न्यायालयात हिदायतुल्लांनी सरकारची बाजू मांडली, त्याच नगरीत गवईंनीही मांडली. दोघांचीही एक पायरी सरकारी वकिलाची होती.

आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, अभियंता व्हावे, हे योग्यच आहे. पण बाबासाहेब वकील होते, कायद्याचे प्राध्यापक होते, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि घरी गेल्यावर विसरतो. प्रत्येक तालुक्यातून दरवर्षी दोन मुले आणि दोन मुली जरी कायद्याकडे वळल्या आणि टिकून राहिल्या, तरी पंधरा-वीस वर्षांत 'महाराष्ट्र राज्य' या नावाने न्यायालयात बोलणाऱ्यांत आपले आवाज असतील. तोवर सभासदांनी एवढे करावे: विहारातील ग्रंथालयात घटनेची मराठी प्रत ठेवावी, पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर तिचा एक अनुच्छेद वाचावा, आणि सुरुवात अनुच्छेद १६५ पासून केली तरी चालेल.

नमो बुद्धाय! जय भीम!